इंग्रजी बोलताना लोक सारखं 'काइंड ऑफ', 'ऑर समथिंग', 'अँड स्टफ' म्हणतात, त्याला काही अर्थ असतो की नुसतं भरीला? आपण वापरावं का?

अर्थ असतो आणि वापरा की बिनधास्त, फक्त कुठं वापरायचं ते कळलं पाहिजे. मी इथं कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं एक्सपोर्टचं काम बघतो, रोज इंग्लंड-अमेरिकेच्या कस्टमरशी फोनवर बोलणं असतं, त्यामुळं हे सतत कानावर पडतं.

आपण चहाबिहा घेऊया म्हणतो, त्यात कॉफी आली, जमलं तर मिसळपण आली. 'अँड स्टफ'चं काम तेच, बाकीचं समोरच्याला कळतंय असं धरून चालायचं. 'ऑर समथिंग' वेगळं, 'वॉन्ट अ कॉफी ऑर समथिंग?' असं विचारलं की समोरच्याला नको म्हणायला किंवा दुसरं काहीतरी मागायला वाट मोकळी राहते. 'सेव्हनिश' म्हणजे सातच्या आसपास, आणि काम झालं का विचारल्यावर नुसतं 'इश' असंपण उत्तर देतात, म्हणजे झालंय म्हटलं तर झालंय.

'काइंड ऑफ'सारखंच 'सॉर्ट ऑफ', त्यावर तर जॉर्ज लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७२ मध्येच लिहिलंय, असल्या शब्दांना तो 'हेजेस' म्हणतो, म्हणजे बोलणं जरा सैल किंवा नेमकं करणारे शब्द. रॉबिनला 'सॉर्ट ऑफ अ बर्ड' म्हणता येत नाही कारण तो पुरता पक्षीच, पण पेंग्विनला म्हटलेलं चालतं. म्हणजे हा शब्द काढला तर वाक्याचा अर्थच बदलतो, मग भरीचा कसा म्हणायचा?

सगळ्यात जपायचं ते 'क्वाइट गुड'ला. अमेरिकन माणूस म्हणाला तर बहुतेक चांगलंच आहे, पण ब्रिटिश माणूस सँपल बघून 'क्वाइट गुड' म्हणाला तर ते बऱ्याचदा ठीकठाक असतं, लगेच विचारून घ्यायचं की नेमकं काय सुधारायचं, नाहीतर पुढची ऑर्डर दुसरीकडं जाते आणि आपल्याला कारणपण कळत नाही. 'बॉलपार्क फिगर' मागितली तर अंदाजे रेट सांगा, पण हे कोटेशन नव्हे हे त्याच बोलण्यात सांगून टाका. ड्रॉइंगवर मात्र असलं काही चालत नाही, तिथं मिलिमीटर आणि टॉलरन्स (माप किती कमीजास्त चालेल ते), बास.

इंटरव्ह्यूत आपल्या कामाबद्दल बोलताना 'काइंड ऑफ' अजिबात नको. 'आय काइंड ऑफ हँडल्ड डिस्पॅच' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं. डिस्पॅच तुम्ही सांभाळला असेल तर सरळ 'आय हँडल्ड डिस्पॅच' म्हणा.