2016 पासून थकलेलं क्रेडिट कार्ड, गोव्यात 30 वर्षं वसुली करता येते म्हणतात ते खरं का?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला असताना घेतलेल्या कार्डाचं शेवटचं पेमेंट 2016 ला केलं, त्यानंतर काहीच नाही, आणि आता वसुलीवाला फोनवर सांगतोय की गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो म्हणून 30 वर्षं पैसे मागता येतात. वाचून खरंच राग आला, कारण मी म्हापशाला वकिलांच्या ऑफिसात काम करते आणि असल्याच थापांनी घाबरलेली वयस्कर माणसं आमच्याकडे येत असतात.

पोर्तुगीज सिव्हिल कोड इथे लग्न, कुटुंब वगैरे बाबतीत अजून लागू आहे हे बरोबर, त्यात अशा देण्यांना 20-30 वर्षांची मुदत होती हेही बरोबर, त्यावरून कोर्टात बरीच वर्षं वाद चालला. पण 2001 ला सिंडिकेट बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की गोव्यातसुद्धा 1963 चा लिमिटेशन ॲक्टच लागणार. म्हणजे कार्ड, पर्सनल लोन, हातउसने, सगळ्याला दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं. घर गहाण असेल तर 12, ते वेगळं.

मधे कुठे सही करून कबुली दिली नसेल तर तुमची मुदत 2019 मध्येच संपली. कोविडमुळे कोर्टाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ वगळला होता, पण त्याआधीच संपलेल्याला त्याचा काही संबंध नाही.

आता हे नीट वाचा. कर्ज पुसलं जात नाही, फक्त कोर्टातून वसूल करायची वाट बंद होते, त्यामुळे मागायला ते मागू शकतात, आणि म्हणूनच "थोडं टोकन भरा, सेटलमेंटच्या कागदावर सही करा" असं गोड बोलतात. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 25(3) प्रमाणे मुदत गेलेलं कर्ज फेडीन असं सही करून लिहून दिलंत की तो नवा करार होतो आणि त्यावर परत दावा लागतो. मेल, व्हॉट्सॲपवरसुद्धा "देतो, थांबा जरा" लिहू नका. लोक अदालतीची नोटीस आली तर तडजोड करायची सक्ती नाही, पण तिथे सही केलीत तर तो अवॉर्ड, म्हणजे तडजोडीचा निवाडा, कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच (वसुलीच्या पक्क्या आदेशासारखाच) असतो.

मात्र कोर्टाचं समन्स आलं तर प्लीज घरी बसू नका!! मुदतबाह्य दावा फेटाळणं जजचं काम आहे, तुम्ही मुद्दा काढला नाही तरी, पण बँकेने एखादा जुना सहीचा कागद पुढे केला आणि तुमच्या बाजूने कोणीच नसेल तर एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तो 12 वर्षं बजावता येतो. ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या केसेस बघायची सरकारी वेबसाइट) नाव टाकून बघा की 2019 च्या आत दावा लागला होता का, लागला असेल तर सगळं गणितच बदलतं, सरळ वकील गाठा.

फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्याची तक्रार आधी बँकेकडे लेखी करा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फक्त त्या तक्रारीत रक्कम मान्य असल्यासारखं एक वाक्यही येऊ देऊ नका.