दत्तक मुलाचं नाव बदलावं का?

दत्तक घेतलेल्या मुलाचं नाव बदललं तर चालतं का, हा प्रश्न गोव्यात फोंड्याला माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक हमखास विचारतात. तान्हं बाळ असेल तर मी म्हणते, खुशाल बारसं करा. पण मूल बोलतं-चालतं झालं, स्वतःचं नाव सांगायला लागलं, की जरा थांबा. का, ते एका मुलीवरून सांगते. नावं अर्थातच बदललेली आहेत.

साडेपाच वर्षांची काजल संस्थेतून घरी आली आणि अन्विता झाली. आई-बाबा प्रेमळ, हौशी. ज्योतिषानं 'अ' अक्षर काढून दिलं होतं. जिची जन्मवेळ कुणालाच ठाऊक नाही, जन्मतारीखही अंदाजानं लिहिलेली, तिची रास त्यानं कशी काढली देव जाणे! खरं कारण आईनं मागाहून सांगितलं, "मॅडम, जुनं नाव राहिलं तर तिला मागचं सगळं आठवत राहील ना?"

शाळेत ती हजेरीला ओ देईना. कान तपासले, ते ठणठणीत. घरी रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं. माझ्याकडे आल्यावर तिनं खेळण्यातल्या घरात सगळ्या बाहुल्या जेवायला बसवल्या. एक तेवढी पलंगाखाली, भिंतीकडे तोंड करून.

"ही कोण गं?"

"काजल. ती आश्रमातच राहिली. तिला न्यायला कोणी आलंच नाही."

आई शेजारीच बसली होती. मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

नाव पुसल्यानं मागचं पुसलं जात नाही. मूल एवढंच समजतं की आधीची मी यांना नको होते. मग आताची मी चुकले तर मलाही परत पाठवतील, ही भीती आलीच.

कागदांचं म्हणाल तर, सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि पुढचा जन्मदाखला त्यावरूनच निघतो. इथं आदेश होऊन गेला होता. गोव्यात नाव-आडनाव बदलण्याचा 1990 चा कायदा आहे, पण पुन्हा अर्ज, पुन्हा आधार, शाळा... त्या वाटेला जाऊ नका म्हटलं. दाखल्यावर एक आणि घरात एक नाव आपल्याकडे किती जणांना असतं! काजल घरचं नाव म्हणून परत येऊ दे. मात्र तिला स्पष्ट सांगा, "आम्ही काजललाच न्यायला आलो होतो."

यात सगळ्यात पुढे निघाली आजी. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्यानं तिचं नवं नाव लिहिलेलं. "पण भाऊ अजून सुमतीच म्हणतो, आणि मी ओ देते," असं तिनं नातीला सांगितलं. नातीनं लगेच विचारलं, "मग तू दोघी आहेस?"

अंथरूण पुढेही काही आठवडे ओलं होत होतं. वर्गात बाईंनी काही दिवस हजेरीला दोन्ही नावं घेतली, मग एकावर भागू लागलं.

तुमचा आदेश अजून व्हायचा असेल, तर अर्जात नाव लिहिण्याआधी मुलालाच विचारा. आणि दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, संस्थेकडून विचारपूस होते. त्यांच्यासमोर "जुनं नाव सांगू नकोस हं," असं मुलाला बजावू नका.