म्यानमारमध्ये लष्करी राजवटीत सामान्य लोकांचे इतके हाल का होत आहेत?

कारण तिथे उपासमार हा युद्धाचा नुसता परिणाम नाही, ते युद्धाचं हत्यार आहे. बंडखोरांचं अन्न, पैसा, माहिती आणि नवी भरती तोडायची, हे तिथल्या लष्कराचं १९६० च्या दशकापासूनचं धोरण. प्रत्यक्षात उपाशी राहतं ते गाव. घरं आणि भाताचे साठे जाळले जातात, तांदूळ आणि औषधं नेणाऱ्या गाड्या नाक्यावरच अडवल्या जातात.

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि त्याच्या नेत्या आँग सान सू की यांना अटक केली. तेव्हापासून ३० लाखांहून जास्त लोक देशातच बेघर झालेत. संपावर गेलेले डॉक्टर, नर्सही तुरुंगात गेले.

मला सर्वांत अमानुष वाटतं ते २८ मार्च २०२५ नंतरचं. टिळकांच्या तुरुंगवासामुळे आपल्याला ठाऊक असलेलं मंडाले भूकंपाने कोसळलं, माणसं ढिगाऱ्याखाली होती, आणि लष्कराचे हवाई हल्ले तरीही थांबले नाहीत.

भारताला लागून असलेल्या म्यानमारच्या चिन प्रांतातले हजारो जण सीमा ओलांडून मिझोराममध्ये आले. तिथल्या मिझो लोकांनी त्यांना भाऊबंद मानून आसरा दिलाय.