अमेरिकेच्या यादवी युद्धात सख्खे भाऊ एकाच रेजिमेंटमध्ये कसे असायचे? त्यांना वेगळं ठेवत नसत का?

वेगळं ठेवायचा नियमच नव्हता. रेजिमेंट राज्याची असायची आणि तिच्यातली शंभरेक जणांची कंपनी बहुधा एकाच गावातून किंवा काउंटीतून उभी राहायची. त्यामुळे शेजारी, चुलते, सख्खे भाऊ बरोबरच भरती होत. घरच्यांनाही ते बरंच वाटे. आजारपणात बघायला, जखमी झाला तर शोधायला, गेला तर पत्र लिहायला आपलं माणूस जवळ असे. पण भावालाच भावाला हुकूम द्यायची वेळ आली की काय होई, ते गेटिसबर्गच्या लढाईत दिसतं.

२ जुलै १८६३. उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या मेन राज्याच्या २०व्या रेजिमेंटचा कर्नल जोशुआ चेंबरलेन आणि त्याच्याच हाताखाली लेफ्टनंट असलेला धाकटा भाऊ टॉम लिटल राउंड टॉप टेकडीकडे निघाले होते. तिसरा भाऊ जॉन सैनिक नव्हता, जखमींच्या सेवेसाठी आला होता. तिघे शेजारी-शेजारी घोड्यांवर असताना तोफेचा गोळा अगदी जवळून गेला. असा आणखी एक आला तर आईला जड जाईल, असं म्हणून जोशुआने टॉमला मागे आणि जॉनला पुढे पाठवलं. पुढे ऐन लढाईत फळीच्या मध्यभागी खिंडार पडलं, तेव्हा ते बुजवायला त्याने टॉमलाच धाडलं. तो जिवंत पोहोचेल याची खात्री वाटेना, म्हणून तोच निरोप देऊन मागोमाग एका सार्जंटलाही पाठवलं. ही गोष्ट वाचताना माझ्या पोटात कालवतं. टॉम वाचला. पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या लढाईत जोशुआच्या कमरेतून गोळी आरपार गेली, तेव्हा डॉक्टरांना घेऊन त्याला शोधत आला तो टॉमच.

गेटिसबर्गला त्याच टेकडीवर समोरून चढणाऱ्या, दक्षिणेच्या अलाबामा राज्याच्या १५व्या रेजिमेंटचा कर्नल विल्यम ओट्स याचाही भाऊ, जॉन, त्याच्याच रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट होता. त्या दिवशी तो आजारी होता. विल्यमने मागे थांबायला सांगितलं, पण लोक मला भित्रा म्हणतील, असं म्हणून त्याने नकार दिला. तो उतारावर गोळ्या लागून पडला, माघार घेताना त्याला तिथेच सोडावं लागलं आणि २५ जुलैला शत्रूच्या इस्पितळात वारला.

विल्यम पुढे अलाबामाचा गव्हर्नर झाला. म्हातारपणी भावासाठी आणि आपल्या माणसांसाठी त्याच टेकडीवर स्मारक उभारायची त्याने परवानगी मागितली, ती मिळाली नाही. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या त्या बाजूबद्दल मला जराही आपुलकी नाही, तरी भावाच्या नावाचा एक दगड त्याला लावू द्यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.