ऑर्केस्ट्रातल्या तीन खुर्च्या

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

ऑर्केस्ट्रात कायमची जागा मिळेपर्यंत शिकवण्या घ्यायच्या नाहीत, कारण शिकवायला लागले की वादक म्हणून आपण संपलो असे लोक धरून चालतात, असे तू लिहिले आहेस. मला हे अजिबात पटत नाही.

आधी जागांचा हिशेब पाहू. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनचेच चौदा ते सोळा वादक असतात. तुझ्या ट्रॉम्बोनसाठी, म्हणजे नळी (स्लाइड) पुढेमागे सरकवून वाजवायच्या पितळी वाद्यासाठी, मात्र बहुधा तीनच खुर्च्या, दोन टेनरच्या (मधल्या पट्टीच्या) आणि एक बासची (खालच्या पट्टीची), आणि त्यांवर बसलेला माणूस सहसा निवृत्तीलाच उठतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये जोसेफ अलेसी १९८५ साली प्रमुख ट्रॉम्बोनवादक झाले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ ती खुर्ची त्यांच्याकडेच राहिली. आपल्याकडे २००६ साली मुंबईत स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्याचे काम हंगामापुरते चालते. अशा परिस्थितीत एका खुर्चीकडे डोळे लावून बाकीची कामे दूर ठेवणे म्हणजे उमेदीची वर्षे घालवणे होय.

ट्रॉम्बोनवादक इयन बाउसफील्ड यांचा प्रवास पाहा. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या ब्रास बँडमध्ये (पितळी वाद्यांच्या वाद्यवृंदात) घडलेला हा वादक आधी मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, १९८८ पासून लंडन सिम्फनीत आणि २००० पासून व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये होता, जिथले वादक तिथल्या स्टेट ऑपेरा या संगीतनाट्यगृहाचेही काम सांभाळतात. २०१२ साली त्यांनी ती जागा सोडली. तोवर ते बर्नच्या कलाविद्यापीठात शिकवू लागले होते. व्हिएन्नाची खुर्ची सोडणारा माणूस नाइलाजाने शिक्षक झाला, असे कोण म्हणेल?

अ‍ॅबी कोनंट यांची हकीकत तर तुला माहीत असायलाच हवी. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकने या अमेरिकन ट्रॉम्बोनवादिकेला पत्रात ‘श्रीयुत’ असे संबोधून ऑडिशनला, म्हणजे निवड चाचणीला, बोलावले आणि वाजवणारा कोण हे परीक्षकांना दिसू नये म्हणून लावलेल्या पडद्याआडचे वादन ऐकून निवडही केली. पुढे त्यांना प्रमुख जागेवरून दुसऱ्या जागेवर उतरवण्यात आले, आणि आपली जागा व योग्य वेतन मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागले. त्या खटला जिंकल्या आणि नंतर ट्रॉसिंगेनच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या. पडदा ऑडिशनपुरता असतो, हे लक्षात ठेवूनच तू तयारी कर.

आता शिकवण्याचा वादनाला काय उपयोग, ते जर्मन संगीतकार ब्राम्स यांच्या पहिल्या सिम्फनीवरून सांगतो. तिच्या पहिल्या तीन भागांत ट्रॉम्बोनला एकही स्वर नाही. सुमारे अर्धा तास गप्प बसल्यावर चौथ्या भागात तिघांनी मिळून अगदी हळू, चर्चमधल्या सामूहिक गायनासारखी ओळ वाजवायची असते, आणि पहिल्या ट्रॉम्बोनचा पहिलाच स्वर वरच्या पट्टीतला असतो. तोवर ओठ गार पडलेले असतात आणि गार पितळेचा सूरही उतरलेला असतो. म्हणून अनुभवी वादक आधी काही वेळ आवाज न करता नळीत ऊबदार श्वास सोडत राहतात. एवढे करूनही तो स्वर फुटतो, तेव्हा त्याचे कारण बहुधा एकच असते: वादक श्वास भरून घेतो, क्षणभर कोंडून धरतो, गळा आवळला जातो आणि मग जीभ सुटते. आपल्या बाबतीत हे घडत असताना कळत नाही. समोर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यांकडे पाहिले की स्वच्छ दिसते.

स्लाइडचेही तसेच आहे. तिच्यावर सात स्थाने असली तरी खुणा नसतात, ती कानानेच शोधायची. आपल्याकडच्या मुलांच्या कानांवर मींडेचे संस्कार असल्यामुळे दोन स्वरांमधला प्रवास त्यांना गोड वाटतो, पण ऑर्केस्ट्रात, संगीतकाराने मुद्दाम लिहिलेला नसेल तर, तो लेगाटोमध्येही, म्हणजे स्वर न तोडता सलग वाजवतानाही, ऐकू येता कामा नये. हात हलतो त्याच क्षणी जिभेने हलका ‘द’ लावायचा, श्वास मात्र अखंड ठेवायचा. विद्यार्थ्याला हे दहा प्रकारांनी समजावताना तुझा स्वतःचा लेगाटो निश्चित सुधारेल.

बाकीच्या कामांविषयी फार लिहीत नाही. बास ट्रॉम्बोन आत्ताच हातात घे, जमल्यास वरच्या पट्टीचा अल्टोही शीक. ऐन वेळी बदली वादक हवा असतो तेव्हा ज्याला दोन वाद्ये येतात त्याला आधी फोन जातो. संगीतनाटकाच्या पिटमध्ये (रंगमंचापुढच्या वादकांच्या खोलगट जागेत) आणि स्टुडिओत न चुकता पहिल्याच वाचनात वाजवणारा माणूस लागतो. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा चित्रपटाचे रेकॉर्डिंग आणि मधल्या वेळात शिकवण्या असा दिनक्रम मुंबईतल्या कितीतरी गोव्याच्या वादकांनी आयुष्यभर निभावला. त्यांना कोणी अर्धे वादक म्हटले नाही.

तेव्हा येत्या जूनपासून दोन लहान मुले शिकवायला घे, फुकट नव्हे, थोडी का होईना फी घेऊन. पहिल्या महिन्यात त्यांना श्वासाविषयी काय सांगितलेस आणि त्यातले त्यांना काय कळले नाही, ते मला सविस्तर लिहून पाठव.