बाळगणे

प्रश्न असा आलाय : ‘मेफेड्रोन आणि ते बनवण्याची उपकरणे बाळगल्याप्रकरणी दहा वर्षांची सक्तमजुरी’, या अमली पदार्थाच्या बातमीत शिक्षा ‘ठोठावली’ लिहावं की ‘सुनावली’?

दोन्ही चालतं. त्या वाक्यातलं मोलाचं क्रियापद वेगळंच आहे, ‘बाळगणे’, आणि त्याचीच सध्या गळचेपी चाललीय. परवा चॅनेलवर ऐकलं, ‘आरोपीकडे ड्रग्जचं पझेशन होतं.’ अहो, पझेशन बिल्डर देतो, तेही दोन वर्षं उशिरा!

बाळगणे म्हणजे नुसतं जवळ असणं नव्हे. राग बाळगतात, आशा बाळगतात. चपलेला लागलेला चिखल कुणी बाळगत नाही. मन त्यात हवंच. सर्वोच्च न्यायालयाला 2003 साली अमली पदार्थांच्या मदनलाल खटल्यात ‘ताबा’ला ‘जाणीवपूर्वक’ हे ठिगळ लावावं लागलं. आपल्याकडे ते क्रियापदातच मुरलेलं आहे.

शिवाय चोरणं एकदाच होतं, बाळगणं चालू राहतं. राजस्थानातल्या मोहनलालने कोर्टाच्या मालखान्यातून, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीतून, अफू लांबवली, तेव्हा अमली पदार्थविरोधी कायदा लागूही नव्हता. तो आला 14 नोव्हेंबर 1985 ला. अफू पोलिसांच्या हाती लागली त्यानंतर. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, कारण कायदा आल्यावरही ताबा चालूच होता. म्हणजे गडी बाळगून होता!

आता व्युत्पत्ती. ‘ताबा’ अरबी ‘ताबिअ’वरून, मागून चालणारा, ‘ताबेदार’ त्याचाच भाऊ. ताब्यातली वस्तू तुमच्या मागून येते. बाळगलेली मात्र कडेवर असते, कारण माझ्या मते या शब्दात ‘बाळ’च आहे. घोडे बाळगायचे, चाकर बाळगायचे, म्हणजे खाऊ घालून सांभाळायचे. ध्वनिनियम दाखवून मला गप्प करणाऱ्यांनी आधी ‘बाळगणे’ आणि ‘सांभाळणे’ शेजारी ठेवून पाहावेत. आणि ज्यांना इथे ‘धारण करणे’ हवंय, त्यांना साष्टांग नमस्कार. चंद्र शंकर धारण करतो. मेफेड्रोन कुणी धारण करत नाही.

उपकरणांचं म्हणाल तर त्याच कायद्याचं कलम 54 वाचा. अमली पदार्थ बनवण्यासाठी खास जुळवलेली भांडी सापडली आणि त्यांचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय गुन्हा गृहीत धरू शकतं. ‘भांडी माझी नाहीत’ एवढ्याने भागत नाही. मेफेड्रोन 50 ग्रॅमच्या वर गेलं की दहा ते वीस वर्षं. तुमच्या बातमीतला माल तेवढा असेल, तर दहा म्हणजे किमान.

हां, ठोठावली. शिक्षा ठोठावतात, निकाल सुनावतात. मी तरी असंच लिहितो.