४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, बॅटरी मेलेली, रत्नागिरीत पावसात लाईट सारखी जाते. पायथनचे प्रोग्रॅम लिहायला कुठला एडिटर, व्हीएस कोड घेऊ की विम?

विम घ्या, तुमच्या मशीनला तेच झेपेल. व्हीएस कोड इलेक्ट्रॉन नावाच्या साच्यावर बनलाय म्हणजे आत अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) चालतं, त्यात पायथनचं एक्स्टेन्शन टाकलं आणि बाजूला ब्राउझरच्या चार टॅब उघड्या ठेवल्या की ४ जीबी कधीच भरते, चिपळूणला आमच्या क्लासमध्ये असलीच जुनी मशीन आहेत त्यामुळे हे रोजचंच. लाईटचं म्हणाल तर विम बाजूला स्वॅप फाईल, म्हणजे तुमच्या बदलांची तात्पुरती नोंद, लिहीत असतं, २०० अक्षरं झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की लगेच, मग लाईट जाऊन आली की फाईल उघडताना ते विचारतं तेव्हा आर दाबायचं, काय शाबूत राहिलंय ते बघून सेव्ह करायचं आणि जुनी स्वॅप फाईल उडवायची, नाहीतर दरवेळी तोच प्रश्न डोक्याशी. (सेव्ह न केलेलं व्हीएस कोडही जपतो, त्यात तो कमी नाही.) सुरुवातीला बोटं अडखळणारच, टर्मिनलवर (कमांड टाईप करायची खिडकी) विमट्यूटर (vimtutor) हा विमचा सराव-धडा चालवा, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम मध्येच थांबवायची खूण) लावून एकेक ओळ तपासायची असेल तर व्हीएस कोडच सोपा, रॅम ८ जीबी करता आली तर खुशाल तिकडे जा.